मिसरुड्याचं नाव देवाजी

देवाजी बांते स्वतःवर हसायला दुसऱ्याची वाट पाहत नसे. लोकांनी तोंड उघडण्याआधीच तो आपलं काम उरकून घेई. "मी नांगर धरला की साप येऊन तास पाहून जाते," तो म्हणे, "वळण शिकाले." भजनात बसला की सांगे, "पेटीवाला आता सूर नाही शोधत. मी कोठी बसलो ते शोधते, आन् दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते." त्याची उंची, त्याचं घोरणं, त्यानं घातलेली धानाच्या बांधीची वाकडी पाळ, या सगळ्यांवर त्याच्याइतकं गावात कुणी हसलं नव्हतं. आपली खिल्ली आपणच उडवली की लोकांच्या वाट्याला उष्टं तेवढं उरतं, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

फक्त एक शब्द त्यानं जन्मात तोंडातून काढला नव्हता. आणि गाव त्याला नेमकं त्याच शब्दानं हाक मारत असे.

मिसरुड्या.

बपेऱ्याच्या अलीकडं, जिथून मध्य प्रदेशाची झाडी निळी दिसते, तिथं देवाजीचं गाव. गावाला लागून एक नाला आहे. टेकड्यांतून उतरतो, गावाला वळसा घालतो आणि पुढं बावनथडी नदीत जाऊन पडतो. पावसाळाभर तो गढूळ असतो आणि भांडखोर असतो. पण धान पिवळं पडू लागलं की त्याचाही राग निवळतो. मग तळाचा गोटा न गोटा दिसावा असं पाणी वाहू लागतं, आणि त्या वाहत्या पाण्यात एक बारकी मासोळी दिसते. बोटाएवढी. अंगावर मोहरीएवढे ठिपके, आणि ओठाला चार मिशा, दोन पुढं, दोन तोंडाच्या कोपऱ्यांत. साचलेल्या पाण्याशी तिचं जमत नाही. बोडीत नेऊन सोडली तर दुसऱ्या दिवशी पोट वर करते. तिला धार लागते. धारेकडं तोंड करून, गोट्याच्या आडोशाला, ती शेपूट हलवत राहते आणि जागची हलत नाही. जणू नाल्याला सांगते, तुला जायचं तर जा, मी आहे इथं. पोराच्या ओठावर पहिली लव फुटते तिला मिसरूड म्हणतात. गावानं त्यावरूनच या मासोळीला मिसरुड्या म्हटलं, आणि तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

देवाजीलाही वयात येताना मिसरूड फुटलं. पण फुटलं ते तिथंच थांबलं. डाव्या बाजूला दोन केस, उजव्या बाजूला दोन. बाकीचा ओठ पाटीसारखा कोरा.

तरीही ही गोष्ट झाकली गेली असती, जर देवाजीला राजा व्हायची हौस नसती. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि मंडईत दंडार होते, ढोलकीवर नाचगाणं आणि सोंगं. एका वर्षी राजाचं सोंग देवाजीनं मागून घेतलं. बकरीच्या केसांची भली मोठी मिशी डिंकानं चिकटवली, कमरेला लाकडी तलवार लावली आणि मांडवात येऊन अशी गर्जना केली की पुढच्या रांगेतलं तान्हं पोर रडू लागलं. गर्जना बरी होती. डिंक कच्चा होता. मिशी सुटली, हवेत गेली आणि थेट ढोलकीवर पडली. ढोलकी वाजवत होता देवाजीचा जिवलग दोस्त चंद्रकुमार. त्यानं हात थांबवला, मिशीकडं पाहिलं, मग राजाच्या ओठाकडं पाहिलं आणि मंडईभर ऐकू जाईल असा ओरडला, "अरे बाप्पा! राजा कोठी गेला? हा त मिसरुड्या होय!"

त्या वर्षीच्या दंडारीतलं गावाला बाकी काही आठवत नाही.

तेव्हापासून देवाजी हे नाव कागदावर राहिलं. त्याचं लग्न झालं, भूपेंद्र झाला, केस पिकले, ते चारही पिकले. पण हाक तीच. गावातल्या नव्या पोरांना तर तेच त्याचं खरं नाव वाटे. देवाजी हाकेला ओ देई, पण तो शब्द स्वतः उच्चारत नसे आणि ती मासोळी खात नसे. बायको ललिताबाई म्हणे, "साऱ्या दुनियेत सोतावर हासता जी तुमी, मंग एवढ्या एका मासोळीले काहून भेता?" देवाजी म्हणे, "बाकीचं हासनं माह्या घरचं होय. हे बाहेरून आलं."

आता भूपेंद्रची सोयरीक पवनीला जुळत आली होती. पोरगी तृप्ती. तिला पाहायला भूपेंद्र आणि त्याचा मामा जाऊन आले. देवाजी तेव्हा धानाच्या कापणीत अडकला होता. त्यामुळं पोरीच्या बापाशी, इश्वरभाऊंशी, त्याची ओळख फक्त फोनवरची. पण फोनवरूनच कळत होतं की माणूस नंबरी मस्करीखोर आहे. बोलण्याआधी हसे, हसल्यानंतर बोले आणि बोलून झाल्यावर पुन्हा हसे. तरी देवाजीला मात्र मानानं "देवाजीभाऊ, देवाजीभाऊ" म्हणे. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा देवाजीनं मागं वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून. मग त्याची चव लागली. फोन आला की तो अंगणात जाऊन बोले आणि आवाज मोठा ठेवून बोले, म्हणजे शेजाऱ्यांनाही ते नाव ऐकू जावं.

आणि भीती इथंच होती. व्याह्याला या भागात इवाई म्हणतात, आणि इवायानं इवायाची थट्टा करायची रीतच आहे. मांडवात करावी, बारशात करावी, तेरवीतसुद्धा दबक्या आवाजात करावी, आणि कुणी रागावू नये. अशा माणसाच्या हाती तो शब्द लागला तर मुंडावळ्या सुकायच्या आधी पवनीच्या घाटावर त्याचं गाणं होणार.

घर पाहायला यायचा दिवस ठरला. आदल्या सकाळी इश्वरभाऊंचा फोन आला.

"देवाजीभाऊ, कोंबडा कापू नोका हो. आमाले तुमच्या नाल्याची मासोळी पायजे. बारकी रायते, चार मिशावाली. माही आजी तिकडचीच होती, लहानपनी पळसाच्या पानात भाजून चारली होती तिनं. तशी चव मंग वैनगंगेत नाही भेटली. काय म्हनता जी तिले तुमी?"

देवाजीच्या हातातला फोन गार पडला. "तिले? तिले... मासोळीच म्हनतो जी."

"नाव असन ना काही!"

"गरिबाची मासोळी होय जी. नाव कोन ठेवते तिले!"

फोन ठेवून देवाजी ओट्यावर बसला. ललिताबाई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सांगून टाकाले काय झालं होतं?"

"आज सांगतलं, तर उद्या तो इथं येऊन पानठेल्यावर उभा राहीन, आन् कोनी मले हाक मारीन. मासोळीचा आन् माहा मेळ घालाले त्याले वेळ लागन का? एक दिवस, ललिता. सोयरीक पक्की होयपर्यंत एक दिवस मले देवाजी राहू दे."

त्या दिवशी देवाजीनं सारं गाव पालथं घातलं. धानाच्या पुंजण्यावर काम करणाऱ्यांना गाठलं, विहिरीवर गेला, पिठाच्या चक्कीवर गेला. सगळीकडं एकच विनंती: उद्या पाहुणे आहेत, उद्यापुरता तो शब्द कुणी काढू नका. गावानं मान डोलावली. गाव थट्टेखोर होतं, पण सोयरीक ही चीज मोठी असते, हे गावाला कळत होतं. चंद्रकुमारनं तर छातीवर हात ठेवला.

"मिसरुड्या, तुही आन घेऊन सांगतो, तो शबद माह्या तोंडातून—"

"हे पाय! हे पाय!"

"आजचा दिवस त हाये ना गा! उद्यापासून बंद. जीभ हासडून देईन."

फक्त एका माणसाला सांगायचं राहून गेलं. पानठेला चालवणारा मोनू मध्य प्रदेशातल्या वारासिवनीकडचा, सासऱ्याच्या घरी घरजावई होऊन नुकताच आला होता. त्या दिवशी तो सासुरवाडीच्या कामानं तुमसरला गेला होता.

दुसऱ्या दिवशी देवाजी उजाडताच नाल्यावर गेला. मासोळी विकणाऱ्या बायांकडं मागावी तर नाव घ्यावं लागणार, आणि मिसरुड्यानं मिसरुड्या मागितला हे ऐकून त्या टोपल्या टाकून हसणार. म्हणून त्यानं आपणच पकडायचं ठरवलं. खांद्यावर जुनी मच्छरदाणी, हातात झाकणाचा डबा, लुंगी मांडीपर्यंत खोचलेली. पाहुणे दुपारी येणार होते. वेळ भरपूर होता. अक्कल तेवढी कमी होती.

नाल्याच्या पाण्यात पाय टाकला आणि त्याला आठवलं की पोरपणानंतर आपण या वाहत्या धारेत कधी उतरलोच नाही. पाणी गुडघ्याएवढंच, पण पायाखालचे गोटे सरकवत होतं. ऊन झाडीतून उतरून तळापर्यंत पोचलं होतं आणि तळाशी ऊन हलत होतं. त्या हलत्या उन्हात एक गोटा, आणि गोट्याआड ती. धारेकडं तोंड, चारही मिशा मागं वळलेल्या, शेपूट सारखं चाललेलं आणि अंग जागच्या जागी. देवाजी वाकला. पाण्यात त्याचं तोंड दिसलं, तोंडावरचे चार पांढरे केस दिसले, आणि त्यांच्याच खाली, बरोबर ओठाच्या जागी, मासोळी. जणू कुणी जोड्यानं फोटो काढायला बसवलं होतं.

"पाय बाई," देवाजी तिला म्हणाला, "तुही माही कई गाठ नाही पडली. पन तुह्या नावानं मी गंज काही सोसलं हाये. आता एकडाव माह्या कामी ये."

त्यानं मच्छरदाणी टाकली. मासोळीनं एक शेपूट मारलं आणि ती शेजारच्या गोट्याआड जाऊन पुन्हा तशीच उभी राहिली. त्यानं तिकडं टाकली. ती इकडं आली. असं बराच वेळ चाललं. या धारेत बोटाएवढी मासोळी स्थिर उभी होती आणि मणभर वजनाचा देवाजी लटपटत होता. शेवटी पाय सटकला आणि तो मच्छरदाणीसकट पाण्यात बसला. उठला तेव्हा मच्छरदाणीत पाच मासोळ्या अडकल्या होत्या, आणि खिशातल्या फोनमधून पाणी गळत होतं.

"वा रे मासेमार," तो स्वतःला म्हणाला, "पाच धरल्या, एक फोन गमावला."

ओल्या कपड्यांनी, खांद्यावर मच्छरदाणी टाकून तो गावात शिरला तेव्हा त्याला गिरजाबाईच्या घरातून रडण्याचा आवाज आला. गिरजाबाई त्याच्या भाऊबंदातली. तिचा नवरा म्हणजे थोरला देवाजी बांते, नाव अगदी तेच, तीन वर्षांखाली वारलेला. दारात जीप उभी होती, अंगणात गर्दी होती. कुणाचं काय झालं म्हणून देवाजी घाईनं आत गेला आणि गर्दीच्या मागं उभा राहिला.

अंगणात बाजेवर पांढऱ्या सदऱ्यातला एक जाडजूड माणूस डोक्यावरची टोपी हातात घेऊन बसला होता. समोर गिरजाबाई पदरानं डोळे पुसत होती.

"एवढा मानूस!" तो माणूस म्हणत होता. "काल सकाळी त बोलले जी माह्यासंग. चांगले बोलले."

"माह्यासंगबी बोलते जी," गिरजाबाई हुंदका देऊन म्हणाली. "सपनात येते. चाय मांगते."

देवाजीनं आवाज ओळखला. इश्वरभाऊ! दुपारचे पाहुणे सकाळीच आले होते. शेजारी उभ्या असलेल्या चक्कीवाल्यानं त्याच्या कानात सगळं सांगितलं. पाहुण्यांनी पानठेल्यावर विचारलं, देवाजी बांतेचं घर कोणतं? मोनूला एकच देवाजी बांते ठाऊक, सासऱ्याच्या तोंडून ऐकलेला. तो म्हणाला, "वो तो गुजर गये." पाहुण्यांनी घाबरून देवाजीला फोन लावला, फोन बंद. भूपेंद्रला लावला, तो मिठाई घेऊन मोटरसायकलवर, त्यानं उचलला नाही. मग मोनूनंच त्यांना गिरजाबाईच्या दारात आणून सोडलं.

"मंग कोनी सांगतलं काहून नाही?"

"कसं सांगाव गा? तुवाच त तोंड बंद केलं आमचं."

खरंच, चंद्रकुमार पाहुण्यांसमोर उभा राहून केव्हाचा घाम पुसत होता. "भाऊ, हे देवाजी तुमचे देवाजी नोहोत. तुमचे देवाजी म्हंजे दुसरे. म्हंजे ज्याईले आमी... नाही म्हनत. म्हंजे म्हनतो, पन आज नाही म्हनत."

"काय नाही म्हनत?"

"तेच नाही म्हनत जी!"

इश्वरभाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पुन्हा गिरजाबाईकडं वळले. "देवाजीभाऊंसारखा सरळ मानूस नाही पायला, बाई. देवाजीभाऊंचा आवाज आयकला की वाटे, भाऊ असाव त असा."

देवाजी मागं उभा राहून ऐकत होता. देवाजीभाऊ, देवाजीभाऊ. भर अंगणात, सगळ्या गावासमोर, डोळ्यांत पाणी आणून. आयुष्यभर जे हवं होतं ते अगदी मापात मिळत होतं. फक्त त्यासाठी मरावं लागलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या अंगणात. त्याला वाटलं, थोडा वेळ मेलेलंच राहावं. मग स्वतःचंच हसू आलं आणि तो पुढं सरकला.

"राम राम जी. मीच देवाजी."

इश्वरभाऊंनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. गळणारी लुंगी, खांद्यावर मच्छरदाणी, हातात डबा. "भाऊ, मासोळी मंग घेऊ. इथं मौत झाली हाये."

"अजी, तो देवाजीच होय!" चंद्रकुमार ओरडला.

"हाव, देवाजीच!" गावानं साथ दिली. अंगणाच्या टोकाशी मोनू उभा होता. तो म्हणाला, "नहीं जी, ये तो—" आणि चक्कीवाल्यानं त्याच्या तोंडावर पिठाचा हात दाबला.

आता इश्वरभाऊ उठले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "एक देवाजी मेला, एक वलाचिंब होऊन आला. फोन बंद. ज्याले पुसाव तो चाचरते, जो बोलते त्याचं तोंड दाबता. काय लपवून राहिले तुमी? पोरीचा बाप होय मी. ज्या गावाले मानसाचं नाव सांगता येत नाही, त्या गावात पोरगी द्याव कशी?" त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि जीपकडं वळले.

गिरजाबाईचं रडणं थांबलं. सगळे देवाजीकडं पाहत होते. इतक्या वर्षांत हा शब्द ज्यांनी हजारदा त्याच्या अंगावर फेकला होता, त्यांतला एकही आज बोलत नव्हता. आज तो शब्द कुणीतरी बोलायला हवा होता, आणि तो बोलण्याचा हक्क उरला होता एकट्या देवाजीला. ललिताबाई कधीतरी येऊन दारात उभी राहिली होती. तिनं नुसती मान डोलावली.

देवाजीनं डब्याचं झाकण काढलं. त्यातली एक मासोळी दोन बोटांत धरली आणि आपल्या ओठाशेजारी आणली.

"इश्वरभाऊ, तुमी काल नाव पुसलं. हिच्या मिशा पाहा. आता माह्या पाहा. हिले म्हनतात मिसरुड्या."

त्यानं मासोळी ओठाच्या आणखी जवळ आणली.

"आन् मलेबी."

इश्वरभाऊंनी मासोळी पाहिली. ओठ पाहिला. पुन्हा मासोळी पाहिली. त्यांचं पोट आधी हललं, मग खांदे हलले, पण हसू त्यांनी दातांखाली दाबून धरलं. "बसा," ते म्हणाले आणि स्वतःही बाजेवर बसले. "नाव पडलं कसं, ते सांगा."

देवाजीनं सांगितलं. बकरीचे केस, कच्चा डिंक, लाकडी तलवार, रडणारं तान्हं, सगळं. सांगता सांगता गर्जनाही करून दाखवली. चंद्रकुमारची ओळ आली तेव्हा चंद्रकुमार तोंड उघडणार, इतक्यात देवाजीनंच ती म्हटली, मंडईभर ऐकू जाईल अशी: "राजा कोठी गेला? हा त मिसरुड्या होय!" गाव हसलं. पण या वेळी सगळ्यांत आधी देवाजी हसला होता. हे हसणंही आता घरचं झालं होतं. गिरजाबाईसुद्धा पदराआड हसली आणि म्हणाली, "त्या राती हे बी गंज हासले होते." हे म्हणजे थोरले देवाजी.

इश्वरभाऊ तर बाजेवर आडवेच झाले. उठून डोळे पुसले आणि म्हणाले, "मी वला मानूस पाहून भेलो होतो. सोयऱ्याच्या घरचं सारं आधी मालूम असाव, मंग काही भेव नाही. चाला, इवाई. भूक लागली."

इश्वरभाऊ त्याला इवाई म्हणाले. देवाजीभाऊ नाही, आणि तो शब्दही नाही. ललिताबाईनं ते ऐकलं आणि लगेच चूल पेटवायला घराकडं वळली. गिरजाबाईला सोबत घेऊन गेली.

पळसाच्या पानांत मीठ, हळद, लसूण लावून मासोळ्या निखाऱ्यावर ठेवल्या. पाच मासोळ्या आणि खाणारी अर्धी पंगत. इश्वरभाऊंनी पान उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटले. बहुधा आजीजवळ जाऊन आले. मग पहिला घास त्यांनी इवायाच्या ताटात ठेवला. "तुमी नाही खात म्हने? आज खाव लागन. आपल्यालेच भेऊन कसं चालन?"

देवाजीनं घास तोंडात टाकला. हळूहळू चावला. धारेत उभ्या राहणाऱ्या मासोळीचं मांस घट्ट असतं, आणि त्याला नाल्याच्या थंड गोट्यांचा वास असतो. अंगणात सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत थांबले होते.

"मी इतका बरा लागत असन," देवाजी म्हणाला, "हे मले मालूमच नवतं."

"काटे गंज हायेत," ललिताबाई भाकर वाढत म्हणाली.